‘अर्थसी’ मालिका : ‘तेहानू’ अकराव्या वर्षी वाचायला द्यावे का?

शाल्मली (प्रश्न)

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’ मालिकेतील पहिली तीन पुस्तके, म्हणजे ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८), ‘द टूम्ब्ज ऑफ आटुआन’ (१९७१) आणि ‘द फार्देस्ट शोअर’ (१९७२), एकामागून एक वाचून काढली. आता ती चौथे पुस्तक मागते आहे. ‘तेहानू’ (१९९०) घरात आहे, परंतु ते तिच्या हाती द्यायला माझे मन धजावत नाही.

ज्यांनी ही मालिका वाचलेली नाही त्यांनी पुढचे वाचण्यापूर्वी विचार करावा, कारण कथानक सांगितल्याशिवाय माझी अडचण मांडता येत नाही. पहिल्या तीन पुस्तकांत संकटे पुष्कळ आहेत, पण ती सावली, भुयारे, ड्रॅगन यांच्या रूपाने येतात. ‘तेहानू’च्या पहिल्याच प्रकरणात मात्र एक लहानगी मुलगी येते, जिच्यावर तिच्याच माणसांनी अत्याचार करून तिला आगीत ढकललेले आहे. ती जगते, पण तिचा अर्धा चेहरा आणि एक हात जळून गेला आहे. हे कोणा राक्षसाचे कृत्य नाही, माणसांचे आहे, आणि ती माणसे पुस्तकभर आसपास वावरत राहतात. मुलांसाठी म्हणून सुरू झालेल्या मालिकेत हे कसे बसते, असा प्रश्न मला पडला आहे.

दुसरी गोष्ट तिच्या मनात आलेली आहे, माझ्या नव्हे. तिसऱ्या पुस्तकातील मृतांच्या प्रदेशाने ती फार अस्वस्थ झाली. दगडांची बुटकी भिंत, तिच्या पलीकडे जागचे न हलणारे तारे, आणि एकमेकांजवळून जाताना ओळखसुद्धा न देणारी माणसे. प्रेमापोटी प्राण दिलेलेसुद्धा तिथे एकमेकांकडे पाहत नाहीत. “चांगली माणसेही तिथेच जातात का?” असे तिने मला दोनदा विचारले. ज्यांनी आपल्या मुलांना ही पुस्तके दिली आहेत, किंवा स्वतः लहानपणी वाचली आहेत, त्यांचे मत मला हवे आहे.

जुना वाचक

शाल्मलीताई, माझे मत स्पष्ट आहे. थांबा. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची होईपर्यंत तीन पुस्तकांवर थांबण्यात तिचे काहीही नुकसान नाही, कारण ती तीन पुस्तके मिळून एक पूर्ण गोष्ट होते आणि वीसेक वर्षे जगभरच्या वाचकांनी ती पूर्ण गोष्ट म्हणूनच वाचली.

या मालिकेचा उगम ध्यानात घेतला तर मी असे का म्हणतो ते कळेल. ले ग्विन तोवर मुलांसाठी लिहीत नव्हत्या. अर्थसी या काल्पनिक द्वीपसमूहावरच्या त्यांच्या दोन लघुकथा १९६४ साली प्रसिद्ध झाल्या होत्या, तेवढेच. पुढे बर्कली येथील पार्नासस प्रेस या लहानशा प्रकाशनसंस्थेच्या प्रकाशकाने किशोरवयीन मुलांसाठी काही लिहावे असे सुचवले आणि त्यांच्या मनात एक अगदी साधी शंका आली : गोष्टींतले मांत्रिक नेहमी पांढऱ्या दाढीचे असतात, तर ते कधीतरी पोरगेले असतीलच, मग ते ही विद्या शिकले कुठे आणि शिकताना चुकले किती? त्यांनी आधी बेटांचा नकाशा काढला आणि मग त्या नकाशावर गोष्ट उभी केली. जादूच्या शाळेची कल्पना आज मुलांना सरावाची झाली आहे, ‘हॅरी पॉटर’ तर मराठीतही घरोघर पोहोचला आहे, पण रोक बेटावरची शाळा त्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधीची आहे, आणि तिथला अभ्यासक्रम फार निराळा आहे. तिथे सुरुवातीचा बराच काळ नावे पाठ करण्यात जातो. प्रत्येक वस्तूचे, झाडाचे, लाटेचे, माणसाचे एक खरे नाव असते आणि ते ठाऊक असल्याशिवाय तिच्यावर सत्ता चालत नाही. माणसाचे खरे नाव वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास गुप्तपणे दिले जाते आणि विश्वासाच्या माणसाखेरीज कोणाला सांगितले जात नाही. मुंजीत बटूच्या कानात मंत्र सांगताना वर धरलेले वस्त्र ज्याने पाहिले आहे, त्याला गाँट बेटावरच्या ओढ्यातून चालत आलेल्या नायकाच्या दंडावर हात ठेवून त्याचा गुरू ओगियन जेव्हा ‘गेड’ असे हळूच म्हणतो, तेव्हा त्यात परके असे काही वाटत नाही.

आणि त्या विद्येला मर्यादा आहे. खड्याचा हिरा झाल्यासारखे दाखवणे सोपे, पण खड्याचा खरोखरच हिरा करणे म्हणजे जगाचा तोल हलवणे, हे गेडला गुरू शिकवतात आणि त्याला ते त्या वेळी कंटाळवाणे वाटते. शाळेतल्या जॅस्परने डिवचल्यावर केवळ ईर्षेपायी तो मृतात्म्याला बोलावतो, फटीतून सावली बाहेर येते, ती फट मिटवताना वृद्ध महागुरू नेमर्ल यांचा प्राण जातो, आणि गेडच्या गालावरचे व्रण कायमचे राहतात. मुलांच्या पुस्तकात नायकाच्या अहंकाराची एवढी मोठी किंमत क्वचितच कोणी लावली असेल. शेवटी लढाई होत नाही. तो आणि सावली समोरासमोर येऊन एकाच वेळी एकमेकांना एकाच नावाने हाक मारतात. अकराव्या वर्षी हे वाचायला मिळणे ही मोठी गोष्ट आहे आणि ती तुमच्या मुलीला मिळाली आहे.

‘तेहानू’ अठरा वर्षांनंतर लिहिलेले पुस्तक आहे. त्यात एक विधवा प्रौढ स्त्री शेत सांभाळते, शेळ्या राखते, भांडी घासते, आणि विद्या गमावलेला गेड लाजेने लपून बसतो. हा विषय लहान नाही, पण लहानांचा नाही. हिंसेची मला तितकी काळजी वाटत नाही. गेडचे दुःख समजायला आधी माणसाने स्वतः काहीतरी कमावून गमावलेले असावे लागते, ही माझी खरी हरकत आहे.

रानवारा

वयाबद्दल मी सांगू शकणार नाही, मला मुले नाहीत. पण मालिकेबद्दलची एक गोष्ट इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते, कारण ती बहुधा तुमच्या मुलीच्या लक्षात आली असेल आणि तिने ती बोलून दाखवली नसेल.

गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे. त्याचा मित्र व्हेच त्याहून काळा आहे. द्वीपसमूहातील बहुतेक सारी माणसे सावळी किंवा काळी आहेत, आणि गोरी, पिवळ्या केसांची माणसे आहेत ती पूर्वेकडून जहाजे घेऊन लुटायला येणारी कारगाड. ले ग्विन यांनी हे १९६८ साली, अमेरिकेत, तेही घोषणा न करता केले. वाचक गेडच्या बाजूचा झालेला असतो आणि मग त्याला ओझरते कळते की हा मुलगा गोरा नाही. मी ही पुस्तके गावातल्या वाचनालयात आठवी-नववीत असताना वाचली, आणि इंग्रजी अद्भुतकथेत माझ्यासारखा दिसणारा नायक मला त्यापूर्वी भेटला नव्हता. त्याचा परिणाम काय होतो हे शब्दांत सांगणे अवघड आहे, परंतु मी ती पुस्तके त्या वर्षी वाचनालयाला परत करायला फार उशीर केला.

बऱ्याच आवृत्त्यांच्या मुखपृष्ठांवर त्याला गोरा रंगवले गेले. २००४ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर आलेल्या मालिकेत गेडची भूमिका गोऱ्या अभिनेत्याला दिली, तेव्हा लेखिकेने जाहीर लेख लिहून निषेध केला. म्हणून मुलीला दृश्यरूप दाखवायचे असेल तर ते दाखवू नका. २०१८ साली निघालेली, चार्ल्स व्हेस यांच्या चित्रांची एकत्रित आवृत्ती मिळाली तर ती पाहा. त्या चित्रांबद्दल लेखिका आणि चित्रकार यांची दीर्घ चर्चा झाली होती आणि त्यातला गेड पुस्तकातल्या गेडसारखा आहे.

मीरा_न्यूजर्सी

‘जुना वाचक’ यांनी पहिल्या पुस्तकाविषयी जे लिहिले आहे ते मला मान्य आहे, पण ‘तेहानू’विषयीचे त्यांचे मत मुळीच मान्य नाही, आणि हा प्रश्न एका मुलीबद्दल विचारला गेला असल्यामुळे तर मी ते सविस्तर खोडून काढणार आहे.

पहिली तीन पुस्तके मुलीच्या नजरेने पुन्हा वाचून पाहा. रोकच्या शाळेत मुलींना प्रवेश नाही. पहिल्या पुस्तकाच्या आरंभीच गाँटवरची एक म्हण येते, की स्त्रियांची जादू दुबळी असते आणि स्त्रियांची जादू दुष्ट असते. लेखिका ती म्हण नुसती नोंदवून पुढे जाते. गेडला पहिले मंत्र शिकवणारी त्याची मावशी अडाणी आणि लोभी रंगवली आहे, टेरेननच्या किल्ल्यातली सेरेट मोहात पाडणारी आहे, आणि व्हेचची बहीण यारो गोड आहे पण चुलीपाशी आहे. तिसऱ्या पुस्तकात तर लक्षात राहील अशी स्त्री जवळजवळ नाहीच. ही तीन पुस्तके वाचून मुलगी थांबली, तर या अतिशय सुंदर जगात तिच्यासाठी जागा एकच उरते, आणि ती म्हणजे थडग्यांचे भुयार.

दुसरे पुस्तक मी या मालिकेतले सर्वांत थोर पुस्तक मानते. टेनार नावाची पाच-सहा वर्षांची मुलगी घरातून नेली जाते, तिचे नाव काढून घेतले जाते, ‘खाल्ली गेलेली’ असे तिला म्हटले जाते आणि अनाम शक्तींची मुख्य पुजारीण म्हणून वाळवंटात वाढवले जाते. काळोख्या भुयारात हातांनी चाचपत तिने पाठ केलेल्या वाटा, तिच्या आज्ञेवरून उपासमारीने मेलेले कैदी, त्यानंतरची तिची दुःस्वप्ने, हे सारे शाल्मलीताईंच्या मुलीने वाचले आहे. म्हणजे मोठ्यांनी धर्माच्या नावाखाली एका बालिकेवर केलेला अन्याय तिने वाचलेला आहे आणि पचवलेला आहे. ‘तेहानू’मध्ये नवीन आहे ते एवढेच, की अन्याय करणारी माणसे देवळात नसून रस्त्यावर आहेत.

देवदासी म्हणून मुली वाहण्याची प्रथा ज्या प्रदेशात कायद्याने बंद करावी लागली, तिथल्या वाचकांना तर टेनारची गोष्ट काल्पनिक म्हणून बाजूला ठेवता येणार नाही.

आता ‘तेहानू’. टेनार तिथे चाळिशी ओलांडलेली आहे. तिला ओगियनने विद्या शिकवायची तयारी दाखवली होती, पण तिने ती सोडून शेतकऱ्याशी लग्न केले, मुले वाढवली, आणि आता त्या जळलेल्या मुलीला, थेरूला, ती सांभाळते. तिचा मुलगा स्पार्क समुद्रावरून घरी येतो आणि स्वतःची जेवलेली थाळीसुद्धा उचलत नाही, तेव्हा तिच्या मनात येणारा प्रश्न असा, की मी ह्याला वाढवताना नेमके काय केले. हा प्रसंग एका पानाचा आहे आणि आपल्या कितीतरी स्वयंपाकघरांत तो रोज घडतो. अकरा वर्षांच्या मुलीला तो कळणार नाही असे मला सांगू नका. तिला तो आपल्यापेक्षा लवकर कळेल.

गेडच्या गमावण्याबद्दल म्हणाल, तर ते समजण्यासाठी स्वतः काही गमावलेले असावे लागते हे मला पटत नाही. पुस्तके आपण ज्या गोष्टी अनुभवलेल्या नाहीत त्यांच्यासाठीच वाचतो. माझ्या मुलीने बारा वर्षांची असताना ‘तेहानू’ वाचले. मी रोज संध्याकाळी तिच्याबरोबर एक-एक प्रकरण वाचत गेले आणि थेरूला काय झाले हे सांगण्याची वेळ आली तेव्हा सरळ शब्दांत सांगितले. तिला भीती वाटली नाही असे नाही. पण थेरूची जखम पुस्तकात कोणी जादूने बरी करत नाही, तिचे व्रण शेवटपर्यंत तसेच राहतात, आणि तरीही त्याच मुलीच्या हाकेला ड्रॅगन उत्तर देतो, हे तिला फार आवडले. व्रण असलेल्या मुलीला आधी सुंदर करून मगच तिला सामर्थ्य देणाऱ्या गोष्टी तिने तोवर पुष्कळ वाचल्या होत्या.

जुना वाचक

मीराताई, थाळीच्या प्रसंगाबद्दल मी आपल्याशी सहमत आहे, तो पुस्तकातला उत्कृष्ट भाग आहे. माझी हरकत मात्र कायम आहे. ‘तेहानू’तील रे अल्बीचा मांत्रिक ॲस्पेन हा पात्र म्हणून सपाट आहे. त्याच्या दुष्टपणाला स्त्रीद्वेषापलीकडे काही कारण दिलेले नाही, आणि शेवटच्या प्रकरणात तो टेनारला आणि गेडला ज्या प्रकारे पायाशी लोळवतो ते वर्णन मला प्रौढ वयातही सहन झाले नाही. कॉब हा तिसऱ्या पुस्तकातला खलनायक मृत्यूला भिणारा माणूस आहे, म्हणून त्याची कीव येते. ॲस्पेनची येत नाही. लेखिकेचे म्हणणे योग्य आहे, पण इथे ते म्हणणे गोष्टीवर स्वार झाले आहे, असे मला वाटते.

ग्रंथसखी

मी शालेय ग्रंथालयात काम करते आणि ही मालिका अनेक मुलांच्या हाती जाताना पाहिली आहे. वरच्या चर्चेत शाल्मलीताईंचा दुसरा प्रश्न मागे पडला, आणि माझ्या मते पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या दुसऱ्यातच आहे.

मुलांना घाबरवणारे पुस्तक ‘तेहानू’ नाही. ते ‘द फार्देस्ट शोअर’ आहे. थेरूच्या गोष्टीत दुःख आहे, पण शेजारी टेनार आहे, मॉस ही चेटकीण आहे, शेळ्या आहेत, चुलीवर काहीतरी शिजते आहे. भिंतीपलीकडच्या त्या कोरड्या प्रदेशात काहीच नाही. ती कल्पना मुलांच्या मनात घर करून बसते, आणि तीन पुस्तकांवर थांबलेल्या मुलाला आपण नेमके तिथेच सोडून देतो. ‘जुना वाचक’ म्हणतात तशी ती गोष्ट पूर्ण असेलही, पण त्या मुलीचा प्रश्न पूर्ण झालेला नाही.

लेखिकेचाही झालेला नव्हता. २००१ साली आलेल्या ‘दि अदर विंड’ या कादंबरीचा सारा विषय ती भिंत आहे. आल्डर नावाचा एक साधा माणूस, फुटकी भांडी सांधणारा जादूगार, त्याची बायको वारली आहे आणि स्वप्नात ती त्या भिंतीशी येऊन त्याला हाक मारते, मुक्त कर म्हणते. तो सल्ला मागायला गाँटवर म्हाताऱ्या गेडकडे येतो. पुढे उलगडते ते असे, की तो कोरडा प्रदेश हा जगाचा नैसर्गिक नियम नव्हताच. प्राचीन काळी मृत्यू टाळू पाहणाऱ्या मांत्रिकांनी ड्रॅगनांच्या वाट्याचा प्रदेश मंत्रबळाने तोडून घेतला, भिंत बांधली, आणि आत वारा शिरला नाही. अमरत्वाच्या हव्यासातून निघाले ते हे. शेवटी ती भिंत पाडली जाते आणि मृत मोकळे होतात, मातीला, उजेडाला, वाऱ्याला मिळतात. ज्या लेखिकेने १९७२ साली ती भिंत उभी केली तिने जवळजवळ तीस वर्षांनी स्वतः परत येऊन ती पाडली, आणि आधीच्या पुस्तकातला एकही शब्द न बदलता पाडली. मालिका लिहिणाऱ्यांत असे धैर्य मी फारसे पाहिलेले नाही. “चांगली माणसेही तिथेच जातात का?” या प्रश्नाचे उत्तर तुमच्या मुलीला ‘दि अदर विंड’मध्ये मिळेल.

परंतु तिथे जाण्याची वाट ‘तेहानू’तूनच जाते. थेरू कोण आहे, ड्रॅगन आणि माणसे एके काळी एकच होती ही केमेच्या स्त्रीची कथा काय आहे, हे ‘तेहानू’मध्ये कळल्याशिवाय शेवटच्या पुस्तकाचा अर्थ लागत नाही. म्हणून मी ‘देऊ नका’ असे म्हणणार नाही. मधला मार्ग असा सुचवते. ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ (२००१) या कथासंग्रहातल्या दोन कथा आधी तिला द्या. ‘द बोन्स ऑफ दि अर्थ’ ही ओगियनच्या तरुणपणाची, भूकंप थोपवणाऱ्या त्याच्या वृद्ध गुरूची कथा आहे. त्या गुरूची गुरू एक स्त्री होती, हे तिथे अगदी सहज कळते. ‘द फाइंडर’ ही मोठी कथा रोकची शाळा कशी स्थापन झाली ते सांगते. ती स्थापन करण्यात स्त्रियांचा वाटा होता आणि पुढे त्यांनाच दाराबाहेर ठेवले गेले. या कथेत गुलामी आणि क्रौर्य आहे, तेव्हा ती तुम्ही आधी स्वतः वाचून घ्या. या दोन कथा वाचलेली मुलगी ‘तेहानू’कडे वेगळ्या तयारीने जाते. त्याच संग्रहातली ‘ड्रॅगनफ्लाय’ मात्र राखून ठेवा, कारण ती कालक्रमाने ‘तेहानू’नंतरची आहे आणि ‘दि अदर विंड’च्या अगदी उंबरठ्यावर वाचायची आहे.

‘तेहानू’ तिच्याबरोबर मोठ्याने वाचावे हा मीराताईंचा सल्ला मला योग्य वाटतो. शेवटचे प्रकरण मात्र संध्याकाळी नको, सुट्टीच्या दिवशी सकाळी वाचा, म्हणजे मध्येच थांबावे लागणार नाही. ॲस्पेनचा प्रसंग काही पानांतच संपतो आणि त्यानंतर जे घडते ते वाचल्याशिवाय मुलीला झोपायला पाठवू नये.

शाल्मली

सर्वांचे मनापासून आभार. कथासंग्रह आज मागवला. आधी मी ‘द फाइंडर’ वाचेन, मग ‘द बोन्स ऑफ दि अर्थ’ तिला देईन, आणि ‘तेहानू’ आम्ही दोघी मिळून दिवाळीच्या सुट्टीत वाचू. भिंत पुढे पाडली जाते एवढे मी तिला आजच सांगितले. कशी ते सांगितले नाही. रंगाबद्दल ‘रानवारा’ यांनी लिहिले आहे ते मी तिला विचारले. तिने तिच्या वहीत गेडचे चित्र काढले होते, ते आणून दाखवले, आणि त्यात तो सावळाच होता.

एक शंका राहिली आहे. लेखिकेच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेली एक शेवटची कथा आहे असे वाचले. ती या क्रमात कुठे घ्यावी?

जुना वाचक

त्या कथेचे नाव ‘फायरलाइट’. ले ग्विन २२ जानेवारी २०१८ रोजी वारल्या आणि ही कथा त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. म्हातारा गेड, शेजारी टेनार, आणि गेडचा अंत, एवढाच तिचा विषय आहे. ती ‘दि अदर विंड’नंतर, सर्वांत शेवटी वाचायची. भिंत पडलेली आहे हे ठाऊक असलेल्या वाचकासाठीच ती लिहिलेली आहे, त्याआधी ती मुळीच देऊ नका. आणि ‘ग्रंथसखी’ यांचा मुद्दा मी मान्य करतो. मुलीने तो प्रश्न विचारलेला असेल, तर तिला तीन वर्षे थांबायला सांगणे योग्य नाही.